षटकोनी गोधडीचा साचा

गोधडी हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूत आपण जिला गुदडी म्हणतो, तीच ही गोधडी. गरीब घरातल्या गुणी मुलाला आपण ‘गुदडी का लाल’ म्हणतो, ते याच पांघरुणावरून. महाराष्ट्राच्या काही भागांत तिला वाकळ असेही नाव आहे. जुनी लुगडी, साड्या, धोतरे, सदरे असे वापरून मऊ झालेले सुती कापड थरांवर थर घालून एकत्र शिवायचे, की गोधडी तयार होते. डहाणूच्या किनाऱ्यावर थंडी बेताचीच असते. पण तलासरीकडे, डोंगराच्या बाजूला गेले, की पौष-माघातल्या पहाटे एक चादर पुरत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसू लागले. त्या हिवाळ्यात कितीतरी कुटुंबे रात्री घराबाहेर उघड्यावर झोपली. पांघरूण ही केवळ शोभेची वस्तू नव्हे, हे त्या दिवसांत लहान मुलांनाही कळले.

आपल्याकडची जुनी गोधडी शिवायला साचा लागत नाही. बायका कापडाला काठाजवळ कात्रीने छोटा छेद देतात आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडतात. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या रेषेत सरळ फाटते. त्यामुळे चौकोनी किंवा लांबट तुकडे आपोआप मिळतात. ते थरांवर मांडायचे आणि काठापासून सुरुवात करून आत आत धावदोरा घालत जायचे. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. त्याही काठापासून मध्याकडे येतात आणि चारही कोपऱ्यांना कापडाची घडी घालून केलेले ‘फूल’ लावतात. या सगळ्या कामात डोळा आणि हात हेच मोजमाप. आपल्या भागातील वारली चित्रकारही पट्टी किंवा कंपास न घेता वर्तुळ आणि त्रिकोण काढतात, आणि ते सुंदर दिसतात.

मात्र षटकोनी तुकड्यांची गोधडी शिवायची असेल, तर केवळ नजरेच्या अंदाजावर भागत नाही. तेथे साचा हवाच. तो कोणत्या मापाचा घ्यावा, कशाचा करावा आणि बरोबर आहे की नाही हे कसे पाहावे, हे आज समजून घेऊ.

सहा बाजूंच्या आकृतीला मराठीत षटकोन म्हणतात. उर्दूत तुम्ही ‘मुसद्दस’ हा शब्द वाचला आहे. सहा ओळींच्या कडव्यांची कविता ती मुसद्दस आणि सहा बाजूंची आकृतीही मुसद्दस. ज्या षटकोनाच्या सहाही बाजू सारख्या आणि सहाही कोन सारखे, तो सुसम षटकोन. आपल्याला तोच हवा आहे. पेन्सिलीचे टोक काढण्यापूर्वी तिच्याकडे समोरून पाहा, बोल्टावरचा नट पाहा, मधमाशीचे पोळे पाहा. सगळीकडे हाच आकार दिसेल.

एकाच मापाचे सुसम तुकडे मध्ये फट न ठेवता जमिनीवर पसरायचे असतील, तर तीनच आकार चालतात: समभुज त्रिकोण, चौरस आणि सुसम षटकोन. या तिघांत षटकोनाला सीमारेषा सर्वांत कमी लागते. मधमाशी मेणाची बचत करते ती अशी. ही गोष्ट विद्वानांना फार पूर्वीपासून जाणवली होती. पण सारख्या क्षेत्रफळाचे भाग पाडताना षटकोनापेक्षा कमी सीमारेषा कोणत्याही आकाराने साधत नाही, याची संपूर्ण सिद्धता अमेरिकन गणिती थॉमस हेल्स यांनी १९९९ मध्ये दिली. गोधडीत सीमारेषा म्हणजे शिवण. १५० सेंमी रुंद आणि २१० सेंमी लांब गोधडीला ५ सेंमी बाजूचे सुमारे ४८५ षटकोन लागतात आणि त्यांची एकूण शिवण साधारण ७३ मीटर होते. तेवढ्याच क्षेत्रफळाचे तेवढेच चौरस घेतले, तर शिवण ७८ मीटर होईल. म्हणजे पाच मीटरची बचत.

तर मग आपल्या आज्या-नान्यांनी चौकोन का निवडला? त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. चौकोन हाताने फाडता येतो, षटकोन कापावा लागतो. चौकोनांची शिवण सरळ धावते. षटकोनात दर काही सेंटिमीटरवर वळण घ्यावे लागते. दिवसभर शेतात किंवा वाडीत राबून आलेल्या बाईला सरळ रेघच परवडते. षटकोनी काम सवडीचे आहे, हे आधीच ओळखून मग त्यात हात घालावा.

आता साच्याकडे वळू. आपल्या डहाणू-चिंचणीच्या किनारपट्टीत सोन्या-चांदीच्या दागिन्यांसाठी पोलादी साचे कोरणारे कारागीर आहेत. या साच्याला ते ‘डाय’ म्हणतात. एका डायवरून शेकडो दागिने उठतात. डायमध्ये केसाएवढी चूक राहिली, तर ती प्रत्येक दागिन्यात उतरते. कापडाच्या साच्याचेही तसेच आहे. फरक एवढाच, की आपला साचा पोलादाचा नसून पुठ्ठ्याचा आहे.

सुसम षटकोनाचे तीन-तीन कोपरे एका बिंदूत भेटतात. प्रत्येक कोन १२० अंशांचा असल्याने तिघे मिळून बरोबर ३६० अंश होतात आणि कापड सपाट बसते. समजा साच्याचा एक कोन १२२ अंशांचा झाला. असे तीन कोन एकत्र आले, तर ३६६ अंश होतील आणि त्या जागी कापडाला झालर पडेल. कोन ११८ अंशांचा झाला, तर बेरीज ३५४ होईल आणि कापड टोपीसारखे उचलले जाईल. सहा कोनांची एकूण बेरीज ७२० ठरलेलीच असल्याने एक कोन वाढला की दुसरा कुठला तरी घटतोच. म्हणून चुकीच्या साच्यावरची गोधडी एका ठिकाणी फुगते आणि दुसऱ्या ठिकाणी ताणते. इस्त्री फिरवून हा दोष जात नाही.

साचा काढायला तुमच्या दप्तरातला कंपास पुरे. षटकोनाची बाजू ५ सेंमी हवी असेल, तर कंपास ५ सेंमी उघडा आणि वर्तुळ काढा. कंपासाचे माप न बदलता त्याचे टोक वर्तुळाच्या रेषेवर कोठेही टेकवा आणि पुढची खूण करा. त्या खुणेवर टोक ठेवून त्यापुढची खूण करा. असे करत गेलात, की सहावी खूण बरोबर पहिल्या जागी येते, कारण सुसम षटकोनाची बाजू आणि त्याच्या वर्तुळाची त्रिज्या एकच असते. आता सहा खुणा पट्टीने जोडा. शेवटची खूण पहिल्या जागेपासून जराशीही सरकली असेल, तर कंपासाचा स्क्रू ढिला आहे असे समजा आणि आकृती पुन्हा काढा.

दुकानात किंवा कोणाकडे तयार साचा मिळाला, तर एक प्रश्न जरूर विचारा. ‘पाचचा साचा’ म्हणजे नेमके काय पाच? एक बाजू ५ सेंमी असेल, तर त्याच षटकोनाची समोरासमोरच्या कोपऱ्यांतील लांबी १० सेंमी भरते आणि समोरासमोरच्या बाजूंतील रुंदी ८.६६ सेंमी. तीन माणसे एकाच तुकड्याला तीन मापे सांगू शकतात आणि तिघेही खरे असतात. षटकोनी गोधडीच्या कामात माप बाजूचे सांगण्याची रीत आहे. दोघी मैत्रिणी मिळून एक गोधडी शिवणार असतील, तर हे आधी ठरवून घ्यावे.

साचा बरोबर आहे का, हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. तिला कोनमापकही लागत नाही. साचा कागदावर ठेवून बारीक पेन्सिलीने त्याची कड आखा. आता साचा एका बाजूने फिरवून त्याच आकृतीवर ठेवा. पुन्हा फिरवा. सहाही वेळा तो रेषेत बरोबर बसला पाहिजे. मग साचा पालथा करा आणि तसेच सहा वेळा पाहा. बाराही वेळा बसला, तर साचा पक्का. कार्यानुभवाच्या तासाला आमच्या वर्गात ही परीक्षा घेतली, तेव्हा बाजारातून आणलेले दोन प्लॅस्टिकचे साचे नापास झाले आणि एका मुलाने लग्नपत्रिकेतून कापलेला साचा पास झाला. वर्गात टाळ्या पडल्या.

या कामाला खरे तर दोन साचे लागतात. एक लहान, म्हणजे शिवून तयार झालेल्या तुकड्याएवढा. दुसरा मोठा, कापड कापण्यासाठी. त्यात चारी अंगांनी मुडपायची जागा धरलेली असते. मुडप ६ मिलिमीटर ठेवावी. त्यापेक्षा कमी ठेवली, तर जुने विरलेले कापड धुताना उसवते; फार जास्त ठेवली, तर मागे कापडाचा गठ्ठा होतो. येथे एक गंमत लक्षात ठेवा. मुडप ६ मिलिमीटरची असली, तरी मोठ्या साच्याची बाजू ६ ने नव्हे, सुमारे ७ मिलिमीटरने वाढते, कारण कोपरा बाजूपेक्षा मध्यापासून दूर असतो. म्हणून लहान साचा ५ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळात काढला असेल, तर मोठा ५.७ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळात काढा.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, माप किती घ्यावे? वर सांगितलेल्या १५० बाय २१० सेंमीच्या गोधडीचा हिशेब मांडून पाहू. बाजू २.५ सेंमी घेतली, तर सुमारे १९४० तुकडे लागतात आणि शिवण १४५ मीटर होते. बाजू ५ सेंमी घेतली, तर ४८५ तुकडे आणि ७३ मीटर शिवण. बाजू ७.५ सेंमी घेतली, तर २१६ तुकडे आणि जवळपास ४९ मीटर शिवण. बाजू दुप्पट झाली, की तुकडे चौथाईवर येतात आणि शिवण निम्म्यावर. कापडाचा खर्चही बदलतो. मुडपेत जाणारे कापड लहान तुकड्याला ६४ टक्के जास्त लागते, मधल्याला ३० टक्के आणि मोठ्याला २० टक्के. चिंध्या भरपूर असल्या, तर लहान माप परवडते. कापड मोजकेच असेल, तर नाही.

आमच्याच शाळेतील आठवीच्या एका मुलीने मागच्या वर्षी आपल्या नानीचा सुती दुपट्टा आणला होता. नानी त्याच वर्षी वारल्या होत्या. दुपट्टा दोन्ही टोकांना विरला होता. मधला १०० बाय ८० सेंमीचा भाग तेवढा धड होता. तिला वर्गात कोणीतरी सांगितले, की लहान षटकोन फार नाजूक दिसतात. ती म्हणाली, “टीचर, कापू का?” मी म्हटले, “बेटा, कात्री थोडी थांबू दे. आधी कागदावर बसवून पाहू.”

मग तेवढ्याच मापाच्या कागदावर आम्ही मोठे साचे आखून पाहिले. २.५ सेंमीच्या मापाने दुपट्ट्यातून २८० तुकडे निघत होते, ५ सेंमीच्या मापाने ८६ आणि ७.५ सेंमीच्या मापाने ३९. आकडा पाहिला तर २८० हाच मोठा. पण शिवून झाल्यावर त्या २८० तुकड्यांनी फक्त साडेचार हजार चौरस सेंमी जागा झाकली असती. ८६ तुकडे साडेपाच हजारांहून थोडी अधिक जागा झाकतात. म्हणजे लहान मापात नानीच्या दुपट्ट्याचा बराच भाग मुडपेत, मागच्या बाजूला, कोणाला न दिसता राहिला असता. मोठ्या मापात जागा थोडीशीच वाढत होती. पण एका फुलाला सहा पाकळ्या लागतात, त्या हिशेबाने ३९ तुकड्यांत सहाच फुले झाली असती. मधल्या मापात चौदा फुले होत होती. तिने ५ सेंमी निवडले. घरी अम्मीला आणि खालाला चौदा ही संख्या सांगितली, तेव्हा त्यांनी उरलेले तुकडे जपून ठेवायला एक डबाच दिला, असे ती सांगत होती.

दुसरे कापड बाजारात पुन्हा मिळते. असे कापड एकदाच कापता येते.

कापडावरचे चित्रही पाहावे. मोठमोठी फुले असलेल्या साडीवर लहान साचा ठेवला, तर फुलाचे तुकडे होतात आणि नुसते डाग दिसतात. बारीक बुट्ट्यांच्या कापडाला लहान माप शोभते. शर्टाच्या बाहीतून किंवा फ्रॉकच्या घेरातून शिवणी वगळून जेवढी सलग जागा निघते, तीही मोजावी. पहिलीच गोधडी असेल, तर ५ सेंमीपेक्षा लहान मापात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन हजार तुकड्यांचा संकल्प सोडणाऱ्या पुष्कळांची गोधडी उशीच्या अभ्र्यावर थांबते.

साचा कशाचा करावा? ज्यावरून शेकडो वेळा आखायचे, तो मूळ साचा टणक हवा. वहीचा पुठ्ठा सुरुवातीला ठीक. पण पन्नास-साठ वेळा आखल्यावर त्याचे कोपरे गोल होतात आणि षटकोन हळूहळू वर्तुळाकडे झुकतो. आइस्क्रीमच्या डब्याचे सपाट झाकण चांगले. एक्स-रेची जुनी फिल्म त्याहून चांगली, कारण ती थोडीशी पारदर्शक असते. खालची बुट्टी साच्याच्या मध्यावर आली की नाही, ते दिसते. पत्रा टिकतो, पण त्याची कड हात कापते; तो शाळेत आणू नये. आखताना पेन्सिल टोकदार हवी. गडद कापडावर पेन्सिल दिसत नाही. तेथे शिंपी वापरतात तशी वाळलेल्या साबणाची पातळ चीप वापरावी. धुतल्यावर तिची खूण राहत नाही.

आणखी एक पथ्य. नेहमी मूळ साच्यावरूनच आखावे. साच्यावरून कापलेल्या तुकड्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, असे करू नये. प्रत्येक वेळी पेन्सिलीच्या जाडीएवढी वाढ होते आणि दहाव्या तुकड्याशी पहिल्या तुकड्याची बाजू जुळत नाही.

लहान साच्यावरून मात्र कागदाचे पुष्कळ तुकडे कापून ठेवायचे असतात. हे कागद प्रत्येक कापडी तुकड्याच्या आत बसतात. ते कशासाठी, हे समजायला कापडाचा ताणा-बाणा आठवा. उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या दिशेने ओढले, तर कापड फारसे ताणत नाही. तिरके ओढले, की रबरासारखे वाढते. षटकोनाच्या सहा बाजूंपैकी फार तर दोन बाजू सरळ धाग्यावर येतात. उरलेल्या चार तिरक्याच राहतात. शिवताना बोटांच्या ओढीने त्या वाढू नयेत, म्हणून आत कागद. तो तुकड्याला धरून ठेवतो.

ही रीत इंग्लंडमध्ये फार जुनी आहे. तेथे १७१८ हे साल शिवलेले एक रेशमी पांघरूण जपून ठेवलेले आहे. त्याच्या तुकड्यांमागे त्या वेळचे कागद अजून आहेत. जुन्या काळी लोक यासाठी पत्रे, मुलांच्या वह्या, हिशेबाचे कागद असे हाताशी असेल ते वापरत. आपणही तसेच करावे. मात्र वर्तमानपत्र नको. ते मऊ असते आणि त्याची शाई पांढऱ्या कापडाला लागते. जाड पुठ्ठाही नको, कड दुमडताना तो मध्ये येतो. पोस्टकार्डाएवढा जाड कागद सर्वांत योग्य. जुन्या लग्नपत्रिका बहुतेक घरांत असतातच. फक्त सोनेरी छपाईचा भाग वगळावा.

मोठ्या साच्याने कापलेल्या कापडाच्या उलट्या बाजूवर कागद मध्यभागी ठेवा. सहाही कडा कागदावर दुमडून कच्चे टाके घाला. असे दोन तुकडे सुलट बाजू आतल्या बाजूला करून एकमेकांवर ठेवा. आता एक बाजू कडेवरून बारीक टाक्यांनी जोडा. सुईने कापडाचे दोन-तीन धागेच उचलावेत, कागद टोचू नये. सुई कागदाला लागली, तर हाताला लगेच कळते. मध्ये एक तुकडा आणि भोवती सहा, असे सातांचे फूल होते. त्याभोवती आणखी बारा लावले, की एकोणीस. पुढच्या फेरीत अठरा लागतात, म्हणजे सदतीस. प्रत्येक फेरीत सहा वाढतात.

तुकड्याच्या सहाही बाजू शेजाऱ्यांना जोडल्या गेल्या, की त्याचे कच्चे टाके उसवून कागद काढून घ्यावा. तो पुन्हा वापरता येतो. त्यामुळे ४८५ तुकड्यांच्या गोधडीला ४८५ कागद लागत नाहीत. शंभर-सव्वाशे फिरवून फिरवून पुरतात. कडेच्या तुकड्यांतले कागद मात्र काठ लावायच्या वेळेपर्यंत राहू द्यावेत.

वरचा पदर असा तयार झाला, की पुढचे काम आपल्या ओळखीचेच आहे. खाली जुनी साडी, मध्ये मऊ कापडाचे एक-दोन थर, वर षटकोनांचा पदर, आणि सगळ्यांतून धावदोरा. येथे नानी-दादींचा सल्ला घ्यावा. हे त्यांना पुस्तकापेक्षा जास्त येते.

मूळ साचा काम झाल्यावर टाकून देऊ नका. त्याच्या मध्यभागी भोक पाडून दोरा ओवा, त्यावर न पुसणाऱ्या शाईने बाजूचे माप लिहा आणि उरलेल्या कापडाबरोबर बांधून ठेवा. पाच-सात वर्षांनी एखादा तुकडा विरेल, तेव्हा त्याच मापाचा दुसरा लागेल.